प्रमोदशेठचा अस्सल खोका

प्रमोदशेठ रहाट्यांचा धंदा आंब्याचा. मार्च लागला की कर्नाटकातून टेम्पो येतो, आणि दोन दिवसांत तोच आंबा ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ छापलेल्या पेटीत पेंढ्यावर जाऊन बसतो. वरच्या थरात घरच्या कलमांचे आंबे, खाली सगळा परप्रांत. गिऱ्हाईक आधी पेटी वाचतं आणि आंबा घरी नेऊन बघतं, एवढ्या ज्ञानावर शेठने दोन मजले चढवले.

पण शाईच्या पेनांचा विषय निघाला की हाच माणूस भाबडा होई. परदेशी, महागडी अशी एकवीस पेनं त्यांनी जमवली होती. एकातही शाईचा थेंब गेलेला नाही. पेढीवर पेट्यांचा हिशेब मांडताना ते सुतळीने बांधलेलं साधं बॉलपेन वापरत. त्यांचा खरा जीव खोक्यांवर. मूळ खोका, त्यावरचं वेष्टण, आतलं हमीपत्र. पेन दुसरं मिळतं, खोका गेला की संपलं, असं ते मला निदान दहादा सांगून चुकले होते. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी धरे, म्हणून उघडीप पडली की अख्ख्या खळ्यात चादर अंथरून खोक्यांना ऊन. रेणुकावहिनी आमसुलं वाळवायला सूप घेऊन जागा शोधत फिरत.

गेल्या मे महिन्यात मुंबईच्या पेनवाल्यांनी प्रदर्शन ठरवलं. तिथे आपल्या नावाची पाटी लागावी ही शेठची फार दिवसांची आस. निवड करायला शुभंकर नावाचा जाणकार घरी आला. शेठने सगळ्यांत भारी खोका पुढे ठेवला. शुभंकरने भिंग लावून वेष्टण पाहिलं, शिक्के पाहिले, हमीपत्र वाचलं. खोका अस्सल आहे म्हणाला. शेठ नवरदेवासारखे फुलले.

मग तो म्हणाला, आता पेन बघू.

पेन प्लास्टिकच्या पिशवीत, मुंबईच्या दलालाने दिलं तसंच. सहा वर्षांत शेठने ती फोडली नव्हती. फोडली की भाव गेला, असं ते म्हणू लागले. न बघता पेन घेणार नाही, असं शुभंकरने सांगितलं. पाटीसाठी शेवटी शेठने डोळे मिटून कात्री चालवली. शुभंकरने खिशातलं छोटं लोहचुंबक काढून सोन्याच्या निबेजवळ नेलं. निब टक्कन चिकटली.

“काका, सोनं असं चिकटत नाही,” तो हळूच म्हणाला. “कोणीतरी अस्सल खोक्यात नकली पेन भरलंय.”

पलीकडे वहिनी आंबे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“ह्यांना कळाया हवं होतं, हो,” त्या म्हणाल्या. “पेटी एकाची नि माल दुसऱ्याचा, ह्याच्यात तर ह्यांची हयात गेली.”

“तू गप ऱ्हा गो.”

“मी गपच हाय. आंबे बोलतायत.”

शेठचा चेहरा कच्च्या कैरीसारखा हिरवा झाला.  त्यांनी दलालाला एक शिवी घातली, पण तीही मनापासून निघेना. त्याच्या हातचलाखीत त्यांना काही नवीन दिसलं नसावं. मग घसा खाकरून त्यांनी शुभंकरला विचारलं, खोका तर अस्सल आहे ना? असा खोका दुर्मीळच ना?

दुर्मीळ होताच. शुभंकरने संयोजकांना फोन लावला. नुसता खोका मांडायला त्यांची हरकत नव्हती.

जूनमध्ये मी मुद्दाम मुंबईला जाऊन आलो. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, तो खोका उघडा ठेवला होता. आत पांढरं रेशीम आणि पेनाच्या आकाराचा खड्डा. खाली पाटी : प्रमोद रहाटे, रत्नागिरी. शेजारी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात शेठ, प्रदर्शनाचे तिन्ही दिवस उभे. एका मुलीने वाकून बघितलं नि विचारलं, ह्यातलं पेन कुठाय?

“पेन घरी आहे,” शेठ पापणी न हलवता म्हणाले. “एवढी भारी वस्तू अशी चारचौघांत मांडतात काय?”