डॉक्टर येतो

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये घर असून मॉरिसव्हिलमध्ये न राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. म्हणजे पत्ता इथलाच, लॉन इथलंच, गवत वाढल्याची एचओएची, म्हणजे सोसायटीची, नोटीसही न चुकता इथेच येते; पण काका स्वतः असतात हैतीमधल्या एका डोंगरावरच्या गावात. त्यांच्या फोनवर हवामान त्या गावाचं. तिकडे पाऊस असला की इकडे लख्ख उन्हात काका छत्री उघडून मेलबॉक्सपर्यंत जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काळजीने काकूंना विचारलं, तर त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तिकडे पडतोय गं. तू नको लक्ष देऊस. परवा तिकडे वादळ होतं तर ह्यांनी आपल्या डेकवरच्या खुर्च्या आत घेतल्या."

काका पेशाने भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर स्वतः जागेपणी स्वप्नं बघायला लागले. त्यांची एक जुनी खंत आहे, ती ते पहिल्या भेटीतच सांगतात. "माझ्या पेशंट्सनी माझ्याशी कधी गप्पाच मारल्या नाहीत. दहापासून उलटे आकडे मोजा म्हणायचं. सातपर्यंत आले की संपली ओळख. शुद्धीवर आले की थँक यू कोणाला, तर सर्जनला!" रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी आग्रहावरून ते हैतीतल्या त्या गावी आठवडाभराच्या शिबिराला गेले. शिबिराचं सगळं सामान भलत्याच शहरात अडकलं, सर्जन सामानाची वाट बघत तिकडेच थांबला, आणि भूल द्यायला कोणी नाही म्हणून काका आठवडाभर नुसते बसून राहिले. गावातले लोक येऊन शेजारी बसायचे आणि बोलायचे. भाषा कळत नव्हती, पण समोरचा माणूस जागा होता आणि बोलत होता, एवढ्यावरच काका खूश. परत आले ते त्या गावासाठी संस्था काढायचं डोक्यात घेऊनच. संस्थेत चार माणसं: काका अध्यक्ष, काकू खजिनदार, तिकडची नर्स मिरलांद ही सगळं प्रत्यक्ष काम करणारी, आणि मी सचिव. मी सचिव कशी झाले म्हणाल तर काकूंचा डबा परत द्यायला गेले होते, तेवढ्यात.

तेव्हापासून त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही. तिथे हैतीला पाठवायच्या कुबड्या, वजनकाटे, बाळांची दुपटी आणि चष्मे असतात. चष्म्यांवर काकांचा विशेष जीव. कुणाच्याही घरी गेले की पाणी यायच्या आत विचारतात, "नंबर बदलला का हो? मग जुना कुठेय?" एकदा आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजींनी कथा संपवून चष्मा खाली ठेवला. आरती झाल्यावर शोधाशोध सुरू झाली आणि चष्मा काकांच्या पिशवीत निघाला. गुरुजी भले माणूस. म्हणाले, "न्या, पण निदान दुसरा करून घेईपर्यंत तरी थांबा."

त्यांच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी जलसंजीवनी मिळते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबाने सुकत चाललेलं मूल याच पाण्यावर वाचतं, म्हणून ते बनवता आलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. आणि परीक्षेला आम्ही. "चव बघ. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको." माझ्या मुलीने एकदा घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं, "ईऽऽ, इट्स लाइक द ओशन!" तर काकांनी तिची पाठ थोपटली. "बरोब्बर! मीठ जास्तच टाकलं होतं मी. हिला कळलं, तुम्हां तिघांना नाही कळलं." आम्ही तिघं मोठी माणसं सभ्यपणे तो समुद्र पिऊन बसलो होतो.

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे, आणि हैती हा सिंधुदुर्गाचा नववा तालुका आहे हे त्यांचं ठाम मत. पुरावे भरपूर. तिकडे नीरफणस आहे, तिकडे आंबा आहे, मासळीचा वास आहे, डोंगर उतरलं की समुद्र आहे, आणि पाहुणा आला की कामाचं आधी बोलायचं नाही ही रीतही आहे. जेवण झालं की काका डेकवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. मी फायलींवर सह्या घ्यायला गेले की काकू ओठांवर बोट ठेवतात. "थांब जरा. राउंडला गेलेत." खुर्चीतल्या खुर्चीत ते गावातून फिरत असतात. मधेच हलकेच हसतात, एखादा शब्द पुटपुटतात, पाय उचलून ठेवतात, कारण तिथे पायरी आहे. मला त्या वेळी उगाच बोलवत नाही. माणूस इतका सुखात कुठे हरवलेला मी दुसरा पाहिलेला नाही, आणि खरं सांगते, हेवा वाटतो.

आता घोटाळ्याचं सांगते. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. काका पहिल्या वेळी गाव सोडताना सगळ्यांचा निरोप घेत गेले, आणि क्रिओलचे, म्हणजे तिकडच्या भाषेचे, चारच शब्द उचललेले, म्हणून त्यांनी मनातलं मराठी जसंच्या तसं त्यात उतरवलं: "म आप व्हिनी." येतो. गावातली एक म्हातारी, तिला सगळे ग्रान म्हणजे आजी म्हणतात, तिने हे ऐकलं आणि चुलीवर कॉफी चढवली. येतो म्हणाला, म्हणजे येईल. कॉफी आटली, तिने पुन्हा केली. संध्याकाळी मिरलांदचा मेसेज आला तेव्हा काका मायामीच्या एअरपोर्टवर बुटांची लेस बांधत होते. 'डॉक्टर, कुठे राहिलात? ग्रान जेवायची थांबली आहे.' पुढच्या खेपेला काकांनी तिला आपली रीत समजावून सांगितली. ग्रान हसून हसून लोळायची बाकी राहिली. पण तिला ही रीत इतकी आवडली, की आता म्हणे त्या गावात पाणी भरायला निघालेली पोरंसुद्धा 'येतो' म्हणूनच निघतात. आणि काकांचं नाव पडलं, डॉक्टर येतो.

ते येत राहिले तोवर हे नाव शोभलं. मग तिकडची परिस्थिती बिघडली, रस्ते बंद झाले, विमानं बेभरवशाची झाली. इकडे काकांना दोन स्टेंट बसले. पण दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर फोन ठेवताना ते म्हणायचेच, "म आप व्हिनी." आम्हाला वाटायचं, म्हणू देत, एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं?

बिघडत होतं. मिरलांदच्या दवाखान्याला लागून बाळंतपणाची एक खोली बांधायची होती. नाहीतर अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून चार माणसांनी डोंगर उतरायचा, अशी तिथली तऱ्हा. सिमेंट आलं होतं, गवंडी तयार होता. फक्त खोली कुठे आणि कशी, हे डॉक्टर येऊन ठरवणार होते. मिरलांदला सगळं स्वतः ठरवायचे अधिकार देणारा कागद मी तयार करून दिला होता. तो काकांनी "तिकडे गेलो की समोर बसून सही करतो" म्हणत बाजूला ठेवला होता. एका रविवारी काकू पोहे परतत होत्या आणि मी टेबलाशी बसले होते, तेव्हा मिरलांद कॉलवर काकांना म्हणाली, "डॉक्टर, एक सांगायचंय. सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले. दोन पावसाळे झाले ना त्यांच्यावरून." मग म्हणाली, "आणि मंगळवारी एक बाई रस्त्यातच बाळंत झाली. दोघं बरी आहेत. पण ह्या वेळी नशीब होतं. आम्ही तुमची वाट बघत थांबलो होतो."

काकांनी त्या दिवशी 'येतो' म्हटलं नाही. पोहे तसेच राहिले.

आठवडाभर ते राउंडला गेले नाहीत. पुढच्या रविवारी मी गेले तर कागदावर सही होती आणि काका येरझाऱ्या घालत होते. मला म्हणाले, "मी येणार नाही, हे क्रिओलमध्ये कसं म्हणायचं ते मला येत नाही."

"अहो, उठल्यापासून क्रिओल झाडता की!" काकू म्हणाल्या. "बरं, आधी मराठीत म्हणून दाखवा मला."

काका येरझाऱ्या घालायचे थांबले. "जातो असं म्हणवत नाही गं. आमच्या घरात कधी कोणी म्हटलेलं नाही."

काकूंनी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मग जातो नका म्हणू. राहतो म्हणा. इथे राहतो. माझ्याजवळ." इतक्या वर्षांत काकूंनी या गावाबद्दल, छत्रीबद्दल, गॅरेजबद्दल एका शब्दाने तक्रार केलेली मी ऐकली नव्हती. ते ऐकून मी उगाचच उठून पाणी प्यायला गेले.

कॉल लागला. मिरलांद होती, तिच्या खांद्यामागे ग्रान. काका सरळ बसून म्हणाले, "म आप रेते इसित." मी इथेच राहतो. माझ्याच्याने आता प्रवास होणार नाही. कागद आजच पाठवतो, पुढचं सगळं मिरलांद ठरवेल. एवढं ते एका दमात बोलले. मिरलांदने डोळे पुसले आणि लगेच वही उघडली, कारण ती नर्स आहे. ग्रानने मात्र तिच्या हातातून फोन घेतला आणि अगदी जवळ आणला. आम्हाला तिचं निम्मं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"राहा," ती म्हणाली. "पण खिडकी कुठे हवी, ते तूच सांग. तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय."

काकांना विचार करावा लागला नाही. "आंब्याकडे ठेवा. दवाखान्यामागच्या मोठ्या आंब्याकडे. बाईला पडल्या पडल्या सावली दिसेल." मला ठाऊक होतं, त्यांचा रोजचा राउंड त्या आंब्याखालीच संपायचा.

पलीकडे ग्रानचा तो डोळा मिरलांदकडे वळला. मग ग्रान म्हणाली, "आंबा नाही रे आता. तीन वर्षं झाली पडून. वादळात गेला. तू रोज आठवण काढायचास, म्हणून कोणी सांगितलं नाही."

काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. तीन वर्षं काका त्या नसलेल्या झाडाच्या सावलीत बसत होते आणि अख्ख्या गावाने त्यांना तिथे बसू दिलं होतं. मला वाटलं आता हे कोलमडणार. पण त्यांनी विचारलं, "मग तिथून आता काय दिसतं?"

"समुद्र," ग्रान म्हणाली. "झाड होतं तोवर दिसायचा नाही."

"मग," काका म्हणाले, "खिडकी मोठी ठेवा."

खोली बांधून झाली. खिडकी इतकी मोठी झालीय की पाऊस आत येतो अशी मिरलांदची तक्रार आहे. तिने पाठवलेला फोटो काकांनी फ्रिजवर लावलाय: एक खाट, खाटेवर एक बाई, तिच्या कुशीत मुठी वळून झोपलेलं एवढंसं बाळ. मागे खिडकी आहे, पण बाहेरचा उजेड इतका होता की तिच्यात नुसतं पांढरंफेक आलंय, बाकी काही नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला काका फ्रिजपाशी नेतात, त्या पांढऱ्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा समुद्र." लोक मान डोलावतात आणि माझ्याकडे बघतात. मी काय सांगू त्यांना? मला दिसतो.