सिरीयलबद्दल सासूबाईंचं मत

माझ्या नवऱ्याच्या रहस्यकादंबऱ्या वाचलेला माणूस पनवेलमध्ये शोधायचा तर त्याच्याच गोष्टीतला डिटेक्टिव्ह कामाला लावावा लागला असता. विकत कोणी घेतल्या नाहीत. भेट मात्र सगळ्यांनी घेतल्या आणि शोकेसमध्ये नीट जपून ठेवल्या. दिवसभर तो न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे कंटेनरची कागदपत्रं बघायचा आणि संध्याकाळी करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून माणसं मारायचा. मी समोर गवार मोडत विचारायची, "आज कोण गेलं?" आमचा संसार असा सुखाचा चालला होता.

मग एका चॅनेलने त्या कादंबऱ्यांवर सिरीयल काढली आणि रातोरात सगळ्यांना मतं फुटली.

शेजारच्या वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या की सांगायच्या, "खुनी मी पहिल्याच भागात ओळखला." नवरा बिचारा उत्सुकतेने विचारायचा, "कशावरून हो?" त्या म्हणायच्या, "चेहऱ्यावरून." रोडपालीला राहणारा माझा सख्खा भाऊ, ज्याला आम्ही प्रत्येक पुस्तक सही करून दिलेलं आहे, तो नवऱ्याला फोनवर म्हणाला, "स्टोरी चांगली घेतलीय रे, कुठल्या इंग्रजी सिनेमावरून आहे?" मोबाईलवर तर कोणीही उठून लिहीत होतं. मूळ कादंबरी रटाळच असणार, सिरीयलवाल्यांनी वाचवली, असं एकाने लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. नवरा हे सगळं बाथरूममध्ये फोन नेऊन वाचायचा. नळ सोडलेला असायचा, पण मला काय कळत नव्हतं?

खरी चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. लोकांना जे जे आवडत होतं त्यातलं काहीच नवऱ्याने लिहिलेलं नव्हतं. कादंबरीतला त्याचा डिटेक्टिव्ह बंदरातला एक ढेरपोट्या कारकून आहे, चिडका आणि चिवट. सिरीयलमध्ये त्याला चामड्याचं जाकीट दिलं. पनवेलच्या उकाड्यात! कळंबोलीच्या ट्रकांच्या धुळीतून तो मोटारसायकलवर येतो आणि त्याचे केस जागचे हलत नाहीत. आणि सगळ्यांच्या काळजाला हात घालणारी गोष्ट म्हणजे त्याची आई. दर भागात तपासाला निघायच्या आधी ती त्याला तांब्याच्या पेल्यातून पाणी देते, तो ते डोळे मिटून पितो, मागे बासरी वाजते. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी तसले पेले आणले.

कादंबऱ्यांमधला डिटेक्टिव्ह कोणाच्याही घरी पाणी पीत नाही. मरायला टेकला तरी पीत नाही. आणि तो का पीत नाही, हे पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलं आहे. ते प्रकरण माझ्या नवऱ्याने मनाने रचलेलं नाही.

सासरच्यांचं मिठागर होतं खाडीला लागून. लग्नाआधी त्याने मला ती जागा दाखवली तेव्हा तिथे भराव पडत होता. सासरे लवकर गेले, सासूबाईंनी दोन मुलगे आणि मिठागर एकटीने सांभाळलं. उन्हाळ्यात मीठ तयार व्हायला आलं की उधाणाच्या भरतीला बांधावर कोणीतरी बसावं लागायचं. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधाला भोकं पाडतात, त्यातून पाणी झिरपायला लागलं की लगेच चिखलाचा गोळा दाबायचा, एवढंच काम. एका दुपारी हे काम माझ्या नवऱ्याकडे होतं आणि त्याच्या मांडीवर पनवेलच्या लायब्ररीतून आणलेली एक रहस्यकथा होती. खुनी कोण ते कळायला थोडीच पानं उरली होती. ती संपवून त्याने मान वर केली तेव्हा बांधाला खांड पडली होती आणि वर्षाचं मीठ खाडीबरोबर निघालं होतं.

सासूबाईंनी त्याला मारलं नाही. घराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. अंगणात सावलीला झाड नाही, बांधावरच्या उन्हातून आलेला, घसा सुकलेला पोर. त्याने पाणी मागितलं. आतून आवाज आला, "पाणी पायजे? खाडीचा पी. तूच आणलास ना घरात." तो दाराला डोकं लावून रडला. दिवेलागणीपर्यंत दार उघडलं नाही. शेवटी शेजारच्या म्हशीसाठी ठेवलेल्या टोपातलं पाणी तो प्यायला.

लग्नानंतर हे त्याने मला एकदाच सांगितलं, कंटेनरचा नंबर सांगावा इतक्या कोरड्या आवाजात. पुस्तकात मात्र त्याने ते जसंच्या तसं उतरवलं होतं. माझी सासू शाळेत गेलेली नाही. म्हणजे ज्या एका वाचकासाठी त्या माणसाने आयुष्यभर लिहिलं, तिलाच वाचता येत नव्हतं. सिरीयलचं ठरलं तेव्हा मी मानधनाचं विचारत होते आणि तो म्हणाला, "आई टीव्ही बघते." मला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "तिने एकदा ते दार बघावं. बघून काहीतरी बोलावं. शिवी दिली तरी चालेल." त्याला एवढंच हवं होतं.

चॅनेलचा एक मुलगा घरी आला होता. त्याचं सगळंच गोड. "सर, बालपणाचा ट्रॅक आपण ठेवतोय, फ्लॅशबॅकला अख्खा एपिसोड देतोय," म्हणाला. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला त्या मुलाची दृष्ट काढावीशी वाटली. पुढचं वाक्य तो लिफ्टच्या दारात उभा राहून बोलला. "फक्त आई निगेटिव्ह नको सर. आपली ऑडियन्स आईला निगेटिव्ह घेत नाही." नवऱ्याने मान डोलावली. ऐकलंच नसावं त्याने. किंवा ऐकलं आणि विश्वास ठेवला नसावा.

सिरीयल सगळ्यांनी मिळून बघायची ती थोरल्या दिरांच्या बंगल्यावर. जमिनी सरकारने घेतल्या, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले, आणि दीर बिल्डर झाले. त्यांच्या हॉलमधला टीव्ही भिंतीएवढा आहे आणि घरात काहीही चांगलं झालं की सगळी भावकी तिथे जमते. हळद असो, नवी गाडी असो, की धाकट्याची सिरीयल. मी साताऱ्याकडची नोकरदारांची मुलगी, इतकी माणसं एका खोलीत आली की माझा श्वास कोंडतो. पण शनिवारी संध्याकाळी जावंच लागायचं. सासूबाई मधल्या सोफ्यावर, हातात पानाचा डबा. बाकी सगळे त्यांच्या बाजूला आणि पायाशी. नवरा टीव्हीकडे पाठ होईल अशा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, म्हणजे त्याला आई दिसायची.

दीर दर भागाला एकच मत द्यायचे. "हिरो लय बारीक हाय. डिटेक्टिव्हाला जरा पोट पायजे." अख्ख्या पनवेलमध्ये कादंबरीच्या जवळ जाणारं मत हे एवढंच आणि ते न वाचता दिलेलं. जाऊबाईंना साड्या आवडायच्या. सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत. पान लावायच्या, बघायच्या.

आणि तो फ्लॅशबॅकचा भाग आला.

पडद्यावर बांध दिसला. पोरगा बांधावर झोपलेला. वाचत बसलेला नाही, झोपलेला, कारण वाचणारं पोर टीव्हीवर छान दिसत नसावं. पाणी आलं, मीठ गेलं. आई अनवाणी धावत आली, तिने पोराला छातीशी धरलं, तांब्याचा पेला त्याच्या ओठांना लावला आणि म्हणाली, "मीठ गेलं तर जाऊ दे रे बाळा, माझं मीठ तूच आहेस."

हॉलमधल्या सगळ्या बायका हमसून रडल्या. मला हसू आवरेना, मग हसूही येईना. नवरा आईकडे बघत होता. त्याच्या दोन्ही हातांच्या मुठी गुडघ्यांवर होत्या आणि तो शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला होता.

जाऊबाई डोळे पुसत उठल्या आणि सासूबाईंच्या पाया पडल्या. मागोमाग रांगच लागली. दीर म्हणाले, "बगा, आयेनी आमाला असा वाढवलाय. धाकट्यानी नाव काढला आयेचा." सासूबाईंनी पदर सावरून सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. जणू काही यात्रेतली देवीच. मग कोणीतरी नवऱ्याला विचारलं, "काका, खरंच असं झालेलं का?"

तो म्हणाला, "हो."

तो "हो" ऐकला आणि माझं डोकं फिरलं. दिरांच्या शोकेसमध्ये क्रिकेटच्या आणि शर्यतीच्या ट्रॉफ्यांमागे ते पहिलं पुस्तक होतं. मी काच सरकवली, ते काढलं आणि हॉलच्या मध्ये उभी राहून पहिलं प्रकरण मोठ्याने वाचायला लागले. दीर म्हणाले, "ओ बाय, काय चाललाय तुमचा? ठेवा ते." मी ठेवलं नाही. कडी वाचली, ऊन वाचलं, "खाडीचा पी" वाचलं, म्हशीचा टोप वाचला. नवरा म्हणाला, "पुरे." मी प्रकरण संपवूनच थांबले. टीव्हीवर फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली होती.

मला वाटलं होतं, म्हातारी कोसळेल. मला ती कोसळायलाच हवी होती, खोटं कशाला बोलू?

सासूबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मना ठाव हाय त्यो," म्हणाल्या. "पुस्तक आला तवाच थोरलीनी वाचून दाखवलाय."

आताच पायांवर डोकं ठेवून रडलेल्या जाऊबाई गालिच्याकडे बघायला लागल्या. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुस्तक आल्यापासून माहीत होतं, आणि प्रत्येक गणपतीला, प्रत्येक दिवाळीला माझा नवरा तिथे जाऊन, तिच्या तोंडाकडे बघून, न बोलता परत येत होता.

नवरा खुर्चीतून उठला. "मग आये, तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? चुकीचा लिवलाय त्यात."

"काय चुकलं?"

"तू रडलास असा लिवलायस. तू कुठं रडलास? मी आत दाराला कान लावूनशी बसलेली. एकदा जरी रडला असतास तरी कडी काढली असती मी. तुजा आवाजच नाय. मगरूर होतास तू, अजूनबी हायेस." आणि मग टीव्हीकडे हात करून त्या म्हणाल्या, "यांनी बरा दाखवलाय. त्यात पोर रडतं तरी."

"मी रडलो होतो, आये," तो म्हणाला.

"नाय."

"रडलो होतो गं."

"नाय रडलास. आई मी हाय का तू हायेस?" त्यांनी डबा मिटला आणि जाऊबाईंना सांगितलं, "जाहिरात संपली का बग."

गाडीत मी बडबडत होते, म्हातारीला वाटेल ते बोलत होते. तो शांतपणे गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर एवढंच म्हणाला, "कान लावून बसली होती म्हणाली." माझ्या अंगाची आग झाली. कडीच्या आत बसून ऐकत राहिलेल्या बाईचं याला कौतुक वाटत होतं!

सिरीयल बरी चालली, म्हणून प्रकाशकाने पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर जाकीटवाला हिरो. घरी प्रुफं आली तेव्हा नवऱ्याने त्यात एकच दुरुस्ती केली. पोर दाराला डोकं लावून रडतं, ते वाक्य काढून टाकलं. आता पुस्तकात ते पोर दिवेलागणीपर्यंत गप्प उभं असतं. मी प्रुफं त्याच्या पुढ्यात आपटली आणि विचारलं, "तू रडला होतास की नाही?"

त्याने चष्मा काढून पुसला. "आई म्हणते तर नसेन रडलो," म्हणाला, आणि ती प्रुफं पाकिटात घालून त्याने चिकटवून टाकली.