माया बाई आणि सुभेदारांची नात

कडेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत माया बाई आल्या, तेव्हा त्यांच्या वर्गात डोकावून मी कपाळाला हात लावला होता. मी मुख्याध्यापक, मला वर्ग कसा गप्प लागतो. आणि इथं चौथीतली एक पोरगी चक्क खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहीत होती!

ती शिवांजली. निवृत्त सुभेदार लालासाहेबांची नात. बाप फौजेत, आईबाप दोघंही पठाणकोटला, म्हणून पोर आजोबांकडे. हुशार, पण चित्त थाऱ्यावर नाही. गणित अर्ध्यावर टाकून चिमण्या बघायची, उत्तर आलं की हात वर करायच्या आधीच ओरडायची. आधीच्या गुरुजींनी तिला कंटाळून शेवटच्या बाकावर टाकलं होतं. माया बाईंनी पुढं आणलं. दोनच गणितं द्यायच्या, ती झाली की फळा पुसायला उठवायच्या, मग पुढची दोन. सांगायचं तेही एका वेळी एकच. यात जादू काही नाही, पण रोज न चिडता करून दाखवा म्हणावं! मला तरी जमलं नसतं.

घरी मात्र फौजी इलाज चालू होता. सुभेदार नातीला तासभर मांडी घालून समोर बसवायचे. हलली की तास पुन्हा पहिल्यापासून. सहामाहीचा पेपर तिनं अर्धा कोरा ठेवला, तसे ते भडकले. साताऱ्याकडच्या निवासी शाळेत टाकायचं ठरवून दाखला न्यायला आले. शिवांजली बाहेर व्हरांड्यात, डोळे सुजलेले.

मी दाखला लिहायला घेतला, तोच माया बाई आत आल्या. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली बाई, आडपडदा ठाऊकच नाही.

"आबा, फौजेत पहाऱ्याला एकच जवान रातभर उभा करत्यात व्हय?"

"न्हाई. दोन तासानं बदलत्यात."

"का? शिस्त न्हाई त्याला?"

सुभेदार तडकले. "शिस्त हाय की! पण डोळा शिणतो. मग म्होरनं दुश्मन गेला तरी दिसत न्हाई."

"हिचा लवकर शिणतो, आबा. पोर नाठाळ न्हाई."

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "हिचा बाप बी असाच हुता. लय मारला त्याला मी. आजबी फोनवर धड बोलत न्हाई माझ्यासंगं."

माया बाईंनी गोड बोलून त्यांची समजूत काढली नाही. "मग हिला तरी बोलती ठेवा," एवढंच म्हणाल्या. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

सुभेदार दाखला न घेताच बाहेर गेले. त्यांना बघताच शिवांजली मागं सरकली आणि भिंतीला टेकून ताठ उभी राहिली, श्वाससुद्धा रोखून.

"आजोबा, मी आता हालणार न्हाई. खरंच न्हाई. मला पाठवू नका."

सुभेदार तिच्यासमोर खाली बसले.

"हाल की गं, बाय," ते म्हणाले. "पायजे तेवढी हाल."