पांढऱ्यातला निळा थेंब

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. तसे शाळेची पायरी हे चढले ते भिंती रंगवायलाच! चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, हाताखाली माणसं तयार केली, म्हणून मास्तर.

रंगात सगळ्यात अवघड कुठला, असं कुणी विचारलं की हे सांगायचे, पांढरा. डब्यातला पांढरा तसाच भिंतीवर मारला तर मळकट दिसतो. म्हणून जुने रंगारी बादलीभर पांढऱ्यात निळ्याचे दोन-चार थेंब टाकतात. किती टाकायचे ते कुठं लिहिलेलं नाही. डोळ्याला पटलं की हात थांबवायचा. ह्यांचा पांढरा असा उतरायचा की खोलीत शिरलेला माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. खोटं नाही सांगत, मी स्वतः बघितलंय.

मग दुकानात यंत्र आलं. नंबर सांगा, बटण दाबा, रंग तयार. हे म्हणायचे, "यंत्राला डोळे असतात का?" मी म्हणायची, "नसतात, म्हणूनच बिचारं भांडत नाही."

आणि भांडण झालंच. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, त्यांच्या बैठकीच्या खोलीचं काम ह्यांनी केलं. रंगाचा दुसरा हात वाळला तशा बाई म्हणाल्या, "मास्तर, मी पांढरा सांगितला होता. हा तर आकाशी झालाय." झालं! ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." बाईंनी कोरा कागद भिंतीला लावून दाखवला. हे म्हणाले, "कागद पिवळा आहे तुमचा." आणि ब्रश उचलून घरी.

दोन दिवसांनी बाईंचा फराळाचा डबा परत द्यायचं निमित्त करून मी गेले. दारातूनच भिंत दिसली. निळी होती हो! चांगली धुतलेल्या आभाळासारखी निळी. घरी येऊन मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. ज्याच्या डोळ्यावर घर चाललं, त्याला तुझा डोळा फसला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

गल्लीत बातमी फिरायला किती वेळ लागतो? कामाला बोलावणं येईनासं झालं. हे सकाळी ब्रश धुवायचे, धुतलेलेच परत धुवायचे. शेवटी लेक आली आणि बळंच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "आजोबा, दहा वर्षं तरी तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो पिवळेपणा मारायला तुम्ही निळा वाढवत गेलात. ऑपरेशन करून टाकू. आधी उजवा, महिन्यानं डावा."

हे ताडकन उठले. "हा डोळा माझं हत्यार आहे. दुसऱ्याच्या हातात देणार नाही. रंग बिघडला तर मी राहिलो कोण?"

लेकीनं समजावलं, जावयानं फोनवर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मीच म्हटलं, "अहो, बाईंची भिंत निळी आहे. मी बघून आलेय."

"कधी बघितलीस?"

"तीन महिने झाले."

"आणि आज सांगतेस?" एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. पण सकाळी उठून बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "चल दवाखान्यात. उशिरा सांगितलंस, पण तू तरी खोटं बोलणार नाहीस."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो, तर हे मधेच थांबले. खाली एक कबूतर दाणे टिपत होतं.

"अगं, ह्याची मान बघ!"

"कबूतर आहे. बघितलं नाही का कधी?"

"हिरवी... नाही, जांभळी... हलली की निळी होते गं!" माणसं धक्के मारत जात होती, आणि हा सत्तरीचा माणूस पायरीवर उकिडवा बसून कबुतराकडे बघत होता. डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे पाणी औषधाचं की ह्यांचं, कळायला मार्ग नव्हता.

पुढचा महिना आमच्या घरात नुसता वेडेपणा चालला होता. डावा डोळा जुना, उजवा नवा. हे एक झाकायचे, दुसरा उघडायचे. बादलीतलं पाणी, डाळिंबाचं फूल, नातीची वही, सगळं दोनदोनदा बघायचं. एकदा मला अंगणात ओढत नेलं. "सावली कुठल्या रंगाची?" म्हटलं, "काळी, दुसरी कुठली असणार?" "नीट बघ." बघितलं. अगं बाई! पांढऱ्या कट्ट्यावर पडलेली सावली चक्क निळसर होती. चाळीस वर्षं मी तो कट्टा झाडतेय, माझे डोळे तर धड होते ना? मग मला कशी दिसली नाही? मी झाडू टाकून तिथंच बसले. एवढं सगळं रोज दारात येऊन पडतं आणि आपण त्यावरून केर काढतो.

मग एक दिवस हे पलीकडच्या गल्लीतल्या बाईंकडे गेले. मला बरोबर नेलं. भिंतीसमोर उभे राहून उजवा डोळा झाकला. "इथून बघितलं तर दुधासारखी आहे, बाई." मग डावा झाकला. "निळी आहे. तुम्ही खरं बोलत होता."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही खरंच बोलत होता की, मास्तर."

ती भिंत ह्यांनी पुन्हा रंगवली. पांढरा यंत्राच्याच दुकानातला आणला. त्यात निळा टाकताना पहिल्यांदाच मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "थांबू?" दुसऱ्या थेंबाला मी म्हटलं, "थांबा." हे थांबले.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे समोर येऊन बसले आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"आता काय?"

"उद्या हा डोळा जाईल. जरा अशीच बस."

"जाईल काय, नवा होईल. आणि माझी कामं पडलीयेत."

"दहा वर्षं तुला ह्याच डोळ्यानं बघितलं गं. उन्हात बसल्यासारखी दिसतेस."

मी हसले. "आणि नव्यानं?"

हे मग म्हणाले, "नव्यानं बघितलं तेव्हा कळलं, तू किती थकलीयेस. ह्याच्यातून कधी दिसलंच नाही मला."

हातातली चादर मी बाजूला ठेवली आणि ह्यांनी हात काढेपर्यंत समोर बसून राहिले.