पेन्सिलची पुसलेली फुली

मला मत्सर वाटला, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर आपण किती प्रामाणिक आहोत हे दाखवायचा मोह होतो, आणि त्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकोणीस वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. जिच्यावर मी जळलो ती आमच्याच विभागातली लॅब असिस्टंट. डिप्लोमा झालेली, मंद्रूपची, घरी शेळ्या-मेंढ्या. रोज एसटीनं यायची आणि नऊच्या ठोक्याला लॅबचं कुलूप काढायची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला सर म्हणायची. या दोन शब्दांमधलं अंतर मला फार सोयीचं होतं.

आता भांडणाचं मूळ. भांडण म्हणजे माझं एकट्याचंच, तिला त्याचा पत्ताही नव्हता. कॉम्प्युटरवरचा कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं फारसं काही करत नाही. फाइल उघडायची असो, काही छापायचं असो, मेमरी हवी असो, तो सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे मागणी करतो. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. प्रोग्रॅमनं काय मागितलं आणि कर्नलनं काय उत्तर दिलं, हे ओळीनं छापून दाखवणारं एक जुनं, मोफत साधन आहे. जगभरातले लोक ते मिळून लिहितात आणि त्यांची सगळी चर्चा एका ईमेलच्या यादीवर उघड चालते. प्रोग्रॅम कुठं अडलाय ते कळेनासं झालं की मी ते साधन लावतो, आणि मग त्याचं सगळं बिंग बाहेर पडतं. वर्गात हे करून दाखवताना मला जो आनंद होतो तो घरी कुणाला समजावून सांगता आलेला नाही.

त्या यादीवर मी अकरा वर्षं होतो. एकूण एक पत्र वाचायचो. कोण चिडकं आहे, कोण कुणाचं काम मुद्दाम लांबवतं, सगळं मला पाठ होतं. आणि अकरा वर्षांत माझ्या हातून तिथं गेलं काय, तर माहितीपत्रकातल्या तीन बारीकसारीक दुरुस्त्या. मला एकदा तरी ठसठशीत काहीतरी करायचं होतं. नवा प्रोसेसर निघाला की तो या साधनाला शिकवावा लागतो, कारण प्रत्येक प्रोसेसरचे मागण्यांचे नंबर वेगळे आणि मागणी ठेवायच्या जागाही वेगळ्या. हे जो पहिल्यांदा करतो त्याचं नाव त्या फाइलच्या माथ्यावर राहतं. साधन आहे तोवर राहतं. मला ते नाव हवं होतं. पगारवाढीपेक्षाही हवंय, असं मी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "अहो, मग निदान पगारवाढ तरी मागून बघा की."

अशात एका कंपनीनं आपल्या नव्या प्रोसेसरचे बोर्ड कॉलेजांना फुकट वाटायचं ठरवलं. मी दोन पानं भरून अर्ज केला आणि बोर्ड आला. तळहातावर मावेल एवढा, हिरवागार. मी तो खोक्यातून काढून सगळ्या विभागाला दाखवला आणि माझ्या कपाटात ठेवून दिला. त्याच महिन्यात तपासणीची समिती येणार होती आणि सगळ्या फायली माझ्या गळ्यात पडल्या होत्या. समिती येऊन गेली. मग परीक्षा आल्या. मग उन्हाळा, आणि सोलापुरात एप्रिलच्या दुपारी माणसानं विचार वगैरे करायचा नसतो. तरी घरी मी एका वहीत आराखडा काढून ठेवला होता. दीड पान. त्या दीड पानाच्या जोरावर काम निम्मं झालंय असं मी धरून चाललो होतो.

एक दिवस ती स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "सर, त्यो नवीन बोर्ड कपाटात नुसताच पडून हाय. मी जरा लावून बघू का?"

"बघा की," मी पेपर तपासता तपासता म्हणालो. मान वर केली नाही. ती बोर्डावरचा दिवा-बिवा लावून बघेल असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी तिनं मला लॅबमध्ये बोलावलं. "सर, हितं बघा की." बोर्डावर एक साधा प्रोग्रॅम चालत होता आणि पडद्यावर ओळी सरकत होत्या: ही फाइल उघड, हे वाच, एवढी मेमरी दे. प्रत्येक मागणीपुढे तिचं उत्तर. नंबर जुळत होते, नावं जुळत होती. तिनं साधनाला नवा प्रोसेसर शिकवला होता. मी म्हणालो, "अरे वा." माझा आवाज कोरडा पडला होता, पण पंख्याच्या आवाजात तिला ते कळलं नसावं.

खरा वार पुढं होता. आमच्या लॅबच्या भिंतीवर नंबर घातलेल्या लाकडी खणांची एक मांडणी आहे. प्रत्येक खणात वायरी आणि सुटे भाग भरलेला एकेक डबा. विद्यार्थ्यानं डबा न्यायचा आणि त्याच खणात आपलं ओळखपत्र ठेवायचं, ही आमची जुनी रीत. पण ही बाई डबा हलायच्या आधी त्यात काय काय आहे ते एका लांबट वहीत उतरवून घ्यायची. मी तिची कितीदा चेष्टा केली होती. एकदा म्हणालो होतो, "मॅडम, खणात कार्ड दिसतंय ना, मग ही वही कशाला?" तर म्हणाली होती, "कार्ड दिसतंय सर. पण त्याच्या आदी तितं काय हुतं ते आता कुटं दिसतंय?"

या नव्या प्रोसेसरची नेमकी तीच खोड निघाली. मागणीतली पहिली वस्तू, म्हणजे कुठली फाइल, किती मेमरी वगैरे, तो ज्या जागी ठेवतो, उत्तरही आणून त्याच जागी टाकतो. उत्तर आल्यावर बघायला गेलात तर पहिली वस्तू पुसली गेलेली असते. तिनं आपली वहीची सवय इथं आणली होती: मागणी आत जातानाच सगळं लिहून ठेवायचं. माझ्या दीड पानाच्या आराखड्यात सगळं शेवटी, एकदमच वाचायचं होतं. म्हणजे माझ्या हातून झालं असतं ते काम पहिल्याच ओळीला तोंडावर आपटलं असतं. घरी जाऊन मी ते दीड पान फाडलं.

त्या आठवड्यात माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. बोर्ड माझा, अर्ज माझा, अकरा वर्षं माझी. तिला तर ती यादी एरवी माहीतही नसती, मीच वर्गात बडबडत असताना मागं वायरी गुंडाळत तिनं ऐकली असणार. तिचं इंग्रजी कसं आहे, यादीवरचे लोक तिला कसे फाडून खातील, हे मी मनातल्या मनात घोळवायचो आणि मला बरं वाटायचं. बायकोनं ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "कुणाचं चांगलं झालंय?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोपासून एवढंही लपत नाही.

मग ती छापील अकरा पानं घेऊन आली. "सर, यादीवर पाठवायच्या आदी तुमी एकदा तपासून द्या. तुमच्याबिगर मला हितलं कोण सांगणार?"

मी पेन्सिल घेऊन बसलो. काम लई नेटकं होतं, हे म्हणणं आजही मला जड जातं. सातव्या पानावर मात्र मला ते सापडलं. कर्नलचं उत्तर शून्याच्या खाली आलं की मागणी फसली, असं तिनं धरलं होतं. वरवर बरोबर. पण शून्याच्या लगेच खालचे थोडेच आकडे चुकांसाठी राखलेले असतात. मेमरीचा एखादा मोठा पत्ता उत्तर म्हणून आला तर तोही शून्याखालचा दिसतो, आणि मग सुरळीत मिळालेली मेमरी हे साधन चूक म्हणून छापणार. आमच्या बोर्डावर पत्ते लहानच यायचे, त्यामुळे चाचणीत हे तिला कधीच दिसलं नसतं. दिसणार होतं ते तिकडच्या लोकांना.

मी त्या ओळीपुढे फुली मारली. मग त्या फुलीकडे बघत बसलो. किती वेळ ते आठवत नाही, स्टाफरूममधला चहा येऊन गार झाला एवढं आठवतं. मग मी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि फुली पुसली. कागदावर फुंकर मारली. लॅबमध्ये जाऊन पानं तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "छान आहे. पाठवा."

हे मी ठरवून केलं. चुकून राहिलं, घाईत सुटलं, असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पत्र यादीवर झळकलं. मी अधाशासारखं वाचत खाली गेलो आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. असं काम पाठवताना ते कुणी तपासलंय त्याचं नाव तळाशी द्यायची तिथली रीत आहे. अकरा वर्षं मी हजारो पत्रांच्या तळाशी ती ओळ बघितली होती. तरी ती तिथं माझं नाव घालेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पूर्ण नाव, कॉलेजच्या ईमेलसकट. जगभरातल्या लोकांसमोर मी सही केल्यासारखंच झालं होतं की सातवं पान मी बघितलंय आणि ते बरोबर आहे.

उत्तर यायला चार दिवस लागले. चार दिवसांत मला लॅबपर्यंत वीस पावलं चालत जाऊन सांगता आलं असतं. रोज मधल्या सुट्टीत मी निघायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. सांगायचं तर काय सांगायचं? आत्ता लक्षात आलं म्हणावं तर तपासणारा गाढव ठरतो, आणि आधीच दिसलं होतं म्हणावं तर त्याहून वाईट. मी आपला गाढव ठरायचीही हिंमत केली नाही.

ते साधन सांभाळणारा माणूस परदेशातला, तुसडा. त्यानं आधी तिचं कौतुक केलं. मागणी आत जातानाच लिहून ठेवायची तिची पद्धत त्याला फार आवडली होती, आणि तसं कौतुक तो वर्षातून एकदा-दोनदा करतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं! मग तो सातव्या पानावरच्या त्या ओळीवर आला. हे चुकलंय, आणि ज्यांनी तपासलं म्हणून खाली नाव आहे त्यांनी हे वाचलं तरी होतं का, असं त्यानं विचारलं होतं. शेवटी मला त्या यादीवर कुणीतरी ओळखलं ते असं.

तासाभरात तिचं उत्तर गेलं. साधं, तुटक इंग्रजी. माझ्या तपासणाऱ्यांनी त्या ओळीवर खूण केली होती, मला तिचा अर्थ कळला नाही, चूक माझी आहे, दुरुस्त करून पाठवते.

मी उठून थेट लॅबमध्ये गेलो. ती खणांसमोर वही घेऊन उभी होती. मी म्हणालो, "मॅडम, खूण कसली?"

तिनं कपाटातून फाइल काढली. ती अकरा पानं तिनं पंच करून नीट लावून ठेवली होती. सातवं पान काढून तिनं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब कागदात तसाच उमटलेला होता. फुली स्पष्ट दिसत होती.

"मला त्या ओळीची शंका हुतीच, सर," ती म्हणाली. "पानं परत आल्या आल्या मी पयलं हेच बघितलं. तर तुमी फुली मारून पुसलेली. मला वाटलं, सरांनी आदी चूक धरली, मग नीट इचार केला, आन् बरोबर हाय म्हणून पुसली. तुमी पुसलीय म्हणल्यावर मी परत बघितलंच न्हाय."

तिच्या तोंडावर काही आहे का ते मी शोधलं. टोमणा, राग, निदान संशय. काही सापडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती पान परत फाइलला लावत होती. कुणाच्या खोडरबरवरही इतका विश्वास टाकता येणं मला जन्मात जमलं नसतं, आणि मला त्याचाही मत्सर वाटला. खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी."

दोन दिवसांत तिनं ती ओळ सुधारली. आता तिचं नाव त्या फाइलच्या माथ्यावर जाणार, हे नक्की होतं. पाठवायच्या आधी ती स्टाफरूमच्या दारात आली, तेव्हाही माझ्यापुढं तपासायचे पेपर होते.

"सर, खाली तुमचं नाव तसंच ठेवू का?"

या वेळी मी मान वर केली. तिच्याकडे बघितलं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता.

"ठेवा," मी म्हणालो.

तिनं ठेवलं. अजून ते तिथं आहे.