दुष्काळातली जाड बाई

खरं सांगा, दुष्काळाच्या साली, माणसांच्या बरगड्या सदऱ्यावरून मोजाव्यात अशी गत असताना, एक जाडजूड बाई तुमच्यासमोर उभी राहिली असती, तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं असतं? लाजू नका. जामखेड तालुक्यातल्या त्या पाझर तलावाच्या कामावर जे सगळ्यांच्या मनात आलं, तेच तुमच्याही मनात आलं असतं. ही खाते. आपल्या वाटणीचं खाते.

त्या बाईचं नाव छबूबाई. तिच्यावर आळ आला त्याचं कारण अगदी साधं होतं. ती सुकडी वाटायची. सरकारनं कामावरच्या लोकांसाठी धाडलेला तो भाजलेल्या पिठाचा, गूळ-तेल घातलेला खाऊ. दुपारी काम थांबलं की पत्र्याच्या पिंपाशी रांग लागायची आणि छबूबाई मापट्यानं एकेकाच्या पदरात, टोपीत, वाडग्यात ओतायची. वाटणारी जाड आणि घेणारे काड्या. मग बोलायला आणखी काय लागतं?

हे काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिच्याही डोक्यावर मातीची पाटी दिली होती. भरावाच्या निम्म्या चढावर गुडघे बसले, पाटी एकीकडे आणि छबूबाई एकीकडे. मुकादम सूर्यभान, वाळल्या चिपाडासारखा माणूस, वरून ओरडला, "ए बाई, तू चढतीस का भराव खाली आनतीस? जा, त्या पिंपाजवळ बस." ती बसली. आणि तिथनंच तिच्या जिवाला घोर लागला. कारण पिंप सुटलं तर पुन्हा पाटी, पाटी झेपली नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर घरातली तीन तोंडं काय खाणार? तिचा नवरा गोरक्षनाथ राहुरीकडं कुणाच्या गुऱ्हाळावर राबायला गेला होता. त्याच्याकडून पैसा क्वचित यायचा. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गुळाचा खडा मात्र हमखास यायचा.

रांगेत सगळ्यांत तिखट तोंड चांगुणाचं. तरणी बाई, कडेवर वाळकी पोरगी.

"मावशे, मापट्याला भोक पडलंय का गं?" ती म्हणायची. "माझ्या पोरीच्या वाट्याला निम्मं, अन् तुज्या अंगाला शिगोशिग!"

मागून कुणी तरी म्हणायचं, "दुष्काळ हिच्या दारावरनं गेला वाटतं, आत न्हाई शिरला."

"शिरला आसंल, पर मावशीनं दारातच दाबून बसवला!"

रांग हसायची. चोर नाही हे दाखवायला छबूबाई पहिल्यापहिल्यांना मापटं दाबून भरायची, वर चिमूटभर जास्तीचं टाकायची. मग शेवटी उभ्या असलेल्यांना पिंपाचा तळ खरवडून द्यावा लागे. ते बोंब मारत. म्हणजे ज्या भीतीनं ती जास्त द्यायची, त्या जास्त देण्यानंच तिची चोरी पक्की होत होती. दिवसभर तिला चैन नसे. लांब कुणी हसलं तरी वाटे, आपल्यालाच हसतंय. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून ती पिंपाआड अंग चोरून बसे. पण जाड माणसानं अंग चोरायचं तरी किती आणि कुठं?

घरी तिच्या पोटात काय जात होतं, ते आता सांगतो. ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी ती थापायची आणि तिन्ही पोरांना घालायची. स्वतःला उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. कधी कधी वार नसला तरी वार आहे असं पोरांना सांगायची, म्हणजे पोरं "आये, तूबी खा" म्हणत नसत. आणि उपासाला चालतं काय? चहा. बिनदुधाचा, गुळाचा, जिभेला चिकटेल इतका गोड. पहाटे चहा. कामावर मुकादमाच्या तंबूत किटली सदा चुलीवर, तिथं चहा. भोवळ आली की गुळाचा खडा तोंडात. संध्याकाळी पुन्हा चहा, आणि शेजारणीनं मूठभर शेंगदाणे दिले तर ते, उपासाला चालतात म्हणून. भाकरीचा तुकडा ओठाला लागत नव्हता आणि अंग वाढत होतं. तिला वाटायचं, धाकटा झाल्यावर पोरं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून अंग सुटलं. बाया तर याहून वाईट बोलायच्या. गुळाच्या चहावर कुणाचाच संशय नव्हता. चहानं उपास मोडत नाही, हे तर आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं.

एके दिवशी काम सुटताना चांगुणानं दहाजणी गोळा केल्या आणि सूर्यभानपुढं उभी राहिली. "ही बाई पिंपावरनं उठवा. न्हाईतर आमी पाट्या उचलत न्हाई."

सूर्यभान विडी झटकत म्हणाला, "या अमावशेपतुर बघू. तवर बोंब थांबली तर थांबली. न्हाईतर छबूबाई, तुमी पाटी घ्या न्हाईतर घर गाठा."

छबूबाईनं मनाशी गाठ बांधली. अंग झडलं पाहिजे. अंग झडलं की तोंडं आपोआप बंद होतील. दुसऱ्या दिवसापासून तिनं चहाही सोडला, पाणीसुद्धा घोटभरच. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुठला उपास गं हा?" तर म्हणाली, "माझ्याच अंगाचा."

तिसऱ्या दिवशी पिंपात ओतायला सुकडीचं घमेलं उचललं आणि ऊन एकाएकी काळं झालं. ती पडली. घमेलं उलटं. भुरभुरीत सुकडी धुळीत सांडली, आणि पोरं चिमण्यांसारखी तुटून पडली. धुळीसकट गोळा करायला लागली, तोंडात कोंबायला लागली. चांगुणाची पोरगी माती खात होती आणि खोकत होती. छबूबाई डोळे उघडून ते बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, "सोंग!" तेही तिनं ऐकलं.

तालुक्याहून लस टोचायला येणारी नर्स त्या दिवशी कामावर होती. दया तिचं नाव. कृपादान हे तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. पोरीनं नर्सिंग केलं आणि खेड्यापाड्यांत फिरताना भीडभाड विसरली. तिनं छबूबाईला तंबूच्या सावलीत घेतलं, मीठ घातलेलं पाणी घोटघोट पाजलं आणि मग झाडाझडती घ्यायला सुरुवात केली.

"काय खाल्लंस?"

"उपास हाय, सिस्टरबाई."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीबी उपासच हुता."

"मग अंग कशानं वाढतं?"

"ऑपरेशनानं. न्हाईतर नशिबानं."

"नशिबाची किटली कुठं असते ते दाखव मला," दया म्हणाली. एकेक विचारत तिनं सगळं काढून घेतलं. चहा किती वेळा, गूळ केवढा, दाणे केव्हा. मग कपाळाला हात लावला. "अगं बये, तू उपास नाही करत, तू गूळ पितेस दिवसभर! आणि आता तोही सोडून एकदम कोरडी बसलीस. अशानं चरबी नंतर जाते, आधी माणूस जातं."

"मग काय करू? देवाला सोडू?"

"देवाला कोण सोडायला सांगतंय? उपास आमच्यातबी हाय. पण देवाला उपास कळतो, चहा काय त्याला दिसत नाही व्हय? आठवड्यात एक उपास ठेव. त्या दिवशी पाणी पी भरपूर, गूळ नाही. बाकी दिवस पोरांच्या ताटात बसायचं. त्यांच्या भाकरीतली अर्धी तुझी. हुलग्याचं माडगं कर पातळ, पोट भरतं. चहा दोनदाच, नि गूळ चवीपुरता. आणि चालायचं. कामावर येतेस कशी?"

छबूबाई खाली बघत म्हणाली, "पाण्याच्या टँकरवर बसून. सूर्यभान बसवतो. गुडघं दुखत्यात."

"उद्यापासून पायी. सपाटीनं, सावकाश. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं तर थांब. गुडघे कुरकुरतील. कुरकुरू दे. सुजले तर मात्र मला सांग."

त्या संध्याकाळी छबूबाईनं पोरांच्या ताटात हात घातला. थोरला दचकून बघायला लागला. अर्धी भाकरी खाताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. लोकांनी तिला चोर म्हटलं होतं सुकडीसाठी, आणि तिला खरोखर चोर वाटलं स्वतःच्या घरातली अर्धी भाकरी खाताना. यावर काय बोलायचं ते तुम्हीच बोला.

सकाळी ती टँकरवर बसली नाही. कामावर पोचली आणि सरळ सूर्यभानकडं गेली. "मला पाटीवर घ्या. रिकामी पाटी आधी, मग निम्मी. मापटं चांगुणाला द्या."

चांगुणा चमकली. "काय डाव हाय मावशे?"

"डाव न्हाई. तूच वाट. तुज्या अंगाला बघून कुनी बोलनार न्हाई."

चांगुणा ऐटीत पिंपाशी बसली. सगळ्यांना सारखं, मापट्याची कडा बोटानं पुसून वाटायला लागली. आणि तरीही शेवटच्यांना पुरेना. एक दिवस, दोन दिवस. तीच रांग आता तिला बोलायला लागली. "काय गं चांगुणे, तूबी फुगनार का आता?" आता घोर तिला लागला. पण तिची मान खाली जाणारी नव्हती. शरमेनं छबूबाईनं जे कधी डोळे वर करून बघितलंच नव्हतं, ते चांगुणानं बघितलं. पोतं. बाकी पोत्यांची तोंडं यंत्रानं शिवलेली, पांढऱ्या दोऱ्याची, एक टोक ओढलं की सरसर उसवणारी. आणि दोन पोती सुतळीनं, हातानं शिवलेली.

तिनं छबूबाईला हाक मारली. डोक्यावरची निम्मी पाटी तशीच घेऊन छबूबाई आली, वाकून बघितलं. पोती दाभणानं शिवण्यात तिचा जन्म गेला होता. टाका तिनं बोटानं चाचपला. मग मुकादमाच्या तंबूकडं बघितलं. तंबूच्या बांबूला दाभण खोचलेलं होतं, सुतळीसकट.

सूर्यभान आला. "काय बघताय? पोती वाटंत फुटत्यात. आमी शिवून घेतो."

"फुटलेलं पोतं कुशीत फुटतं, मुकादम," छबूबाई म्हणाली. सगळ्या कामावर तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. "तोंडाला फुटत न्हाई. तोंडाला माणूस उसवतो."

सूर्यभाननं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू शिकवतीस मला? आधी आरशात बघ."

"रोज बघती. तिथं चोर न्हाई दिसत. जाड बाई दिसती."

चांगुणा पिंपावर पालथं मापटं आपटायला लागली. बाया जमल्या. त्या दिवशी दुपारनंतर पाटी हलली नाही. सूर्यभानचं काही झालं नाही. अशांचं काही होत नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून पोतं गाडीतून उतरलं की रांगेसमोर उघडायचं ठरलं, आणि सुकडी शेवटच्या माणसापर्यंत पोचायला लागली.

अमावस्येच्या दिवशी चांगुणा मापटं घेऊन आली. माफी वगैरे मागितली नाही. मागणाऱ्यांतली ती नव्हे. "घे मावशे, तुजं तू."

"एक दीस तू, एक दीस मी," छबूबाई म्हणाली. "पाटी मी सोडनार न्हाई आता. गुडघं ऐकायला लागल्यात."

छबूबाई काही सडपातळ झाली नाही. पावसाळा येईतो दंडातली चोळी सैल झाली, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागेना, भरावावर निम्मी पाटी चढवून वर पोचल्यावर बोलता यायला लागलं. एवढंच. आणि चहाची तल्लफ आली की अजूनही तिचं डोकं उठायचं, चिडचिड व्हायची. पोरं म्हणायची, "आयेला आज गूळ पाहिजे!"

तर आता तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या गल्लीत अशी एखादी जाड बाई असेल, उपासावर उपास करणारी, ओट्यावर अंग चोरून बसणारी. तिला "काय खातेस गं" म्हणून विचारू नका. घरातली भाकरी कुणाकुणाला घातल्यावर तुला काय उरतं, ते विचारा. आणि उद्या सकाळी उन्हाच्या आधी तिच्या दाराशी जाऊन म्हणा, "चल, बारवेपर्यंत बोलत बोलत जाऊन येऊ." तिला दम लागला, तर तुम्हीही थांबा.