बाकड्यावरची जागा

काल मलकापुरात आमच्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीला आचारसंहिता लागली. तीही टॉवेल टाकून... सांगतो.

नगरपालिकेचं मतदान होतं आणि त्याच दिवशी भारताची मॅच. मी गावचा वार्ताहर, दोन्हीकडे लक्ष ठेवणं हा माझा धंदाच. पण काल सकाळपासून जी काळजी होती, ती बातमीची नव्हती.

आमच्या प्रभागात दोन अपक्ष उभे आहेत. रफिकभाई टीव्ही दुरुस्त करतो, त्यानं चिन्ह घेतलं टीव्ही. सुधाकरचं बियाण्यांचं दुकान, पण कॉलेजात ओपनिंगला जायचा, म्हणून त्यानं घेतली बॅट. (हल्ली क्रीजमध्ये आधी त्याचं पोट पोचतं, बॅट नंतर.)

दोघेही माझे जुने मित्र. नामदेवभाऊंच्या हॉटेलातल्या बाकड्यावर मॅच बघताना आमचा क्रम ठरलेला... सुधाकर भिंतीकडे, रफिकभाई दाराकडे आणि मध्ये मी, व्याकरणातला मध्यम पुरुष. क्रम मोडला की विकेट पडते, अशी त्या दोघांची श्रद्धा. मी संस्कृत शिकलेला माणूस, म्हणून या दोघांचा 'पंडित', असल्या गोष्टी मानत नाही... पण जागाही बदलत नाही.

प्रभागात जागा दोन. 'अ' महिलांसाठी राखीव, म्हणजे या दोघांत उरली एकच, 'ब'. एकाच्या भोंग्यानं गावभर सांगितलं, "टीव्ही पाहून नाली साफ होत नसते!" दुसऱ्याच दिवशी दुसरा भोंगा, "म्हातारपणी बॅट फिरवून नळाले पाणी येत नसते!" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बाकड्यावर मी एकटा, दोन्ही बाजू मोकळ्या.

माझं मत कुणीच मागितलं नाही. मागितलं असतं तर निदान टाळता आलं असतं... दोघांनीही गृहीत धरलं. संस्कृतात द्विवचन असतं, मतदान यंत्रात नसतं. बटण दाबून बाहेर आलो तेव्हा डोक्यात एकच... दुसरा एका मतानं पडला तर?

हॉटेल शाळेसमोर, म्हणजे मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत. मॅच रंगात आली आणि सुधाकरच्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली, की विरोधी उमेदवाराचं चिन्ह भिंतीवर टांगलेलं आहे, वर ते चालूही आहे. लगेच रफिकभाईचे कार्यकर्ते धावले... टीव्ही आमचा, कबूल, पण त्यात दिसतोय त्याच्या हातात बॅट आहे, त्याचं काय?

बंदोबस्ताच्या पोलीसताई जानेफळकडच्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आता मले सांगा, याच्यात मी कोणाले पकडू?" शेवटी नामदेवभाऊंचा टॉवेल टीव्हीवर पडला. आवाजाला चिन्ह नसतं, म्हणून तो तेवढा वाचला.

मग सगळं हॉटेल टॉवेलकडे टक लावून मॅच ऐकू लागलं. खिशात मोबाइल होते, पण मोबाइलवर चेंडू उशिरा पोचतो आणि शकुनाला उशीर चालत नाही. रफिकभाई बाहेर निंबाखाली उभा, सुधाकर पलीकडे पानठेल्याजवळ... दोघांचेही कान टॉवेलात.

भारताची विकेट गेली. लगेच दुसरी. रफिकभाई आत आला आणि माझ्याकडे न बघता दाराकडच्या जागेवर बसला. तरी तिसरी गेलीच.

"पंडितजी," तो टॉवेलला उद्देशून म्हणाला, "सांगा त्याले. ती जागा रिकामी हाय म्हणून होऊन राह्यलं हे."

मला सांगावं लागलं नाही. पानठेल्यावरून उत्तर आलं, "पंडित, त्याले म्हणा, मी त्याच्यासाठी नाही येऊन राह्यलो. देशासाठी येऊन राह्यलो!"

आणि सुधाकर भिंतीकडे येऊन बसला. बाकडं करकरलं... इतक्या दिवसांनी ती करकर ऐकली. दोन्हीकडचे कार्यकर्ते दारात उभे, घोषणा द्यावी की नाही या पेचात.

त्यानंतर कुणी हललं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण पाय हलवून देशाचं नुकसान करायची हिंमत नव्हती. शेवटच्या चेंडूवर टॉवेलाआडून आरडाओरडा झाला... आणि आपण हरलो.

मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आता हे उठणार, दोन दिशांना जाणार, आणि पुन्हा तेच सुरू...

"तुह्यामुळे हरलो बे," रफिकभाई म्हणाला. माझ्यामार्फत नाही, थेट. "पहिल्याच विकेटले काऊन नाही आला?"

"तू बलावलं काय मले?"

"मॅचचं आवतन देतेत काय बे?"

मतदान अजून संपलं नव्हतं, म्हणून दोघे उठले. जाता जाता रफिकभाईनं खिशातला रुमाल काढला, आमच्याकडे दस्ती म्हणतात, आणि एसटीच्या खिडकीतून टाकतात तशी ती सुधाकरच्या जागेवर टाकली. "पंडितजी, कोणाले बसू देऊ नका अथी."

सुधाकर दारातून वळला. "पालिकेतल्या जागेवर बी टाकून ये एक!"

"तथी मी सोता बसतो," रफिकभाई म्हणाला.

उद्या मतमोजणी. दोघांपैकी एक जण नक्की पडणार, कदाचित दोघेही, आणि पडलेला माणूस चहाला येईल की नाही हे कुठल्याच एक्झिट पोलला सांगता येत नाही. मत कोणाला दिलं ते खाली कमेंटमध्ये विचारू नका. घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

काल हॉटेल झाडताना नामदेवभाऊंनी ती दस्ती माझ्या हातात दिली. उद्या निकालाच्या आधी जाऊन ती पुन्हा भिंतीकडे टाकायची आहे. कोण पडेल काही सांगता येत नाही... म्हणून माझीही एक दस्ती सोबत घेतली आहे, दाराकडच्या जागेसाठी.